डाव्या कुशीवर

दंडाला चिकटवलंय ते,
जुन्या आठ आण्याएवढं, पांढरं,
आत केसाएवढी सुई.
दर चौदा दिवसांनी खडकी बाजारातून
तबस्सुम शिकलगार येते स्कूटीवरून,
जुनं उचकटते, नवं ठोकते, टक्,
आणि म्हणते, काका, आंघोळ चालेल, घासायचं नाही.
पैसे कापले जातात तिकडे, एडमंटनमध्ये.

एकतीस वर्षं दारूगोळा कारखान्यात
मी फ्यूज तपासले.
गेजमध्ये गेला तर पास, अडकला तर बाद.
साखरेचंही तसंच असेल असं वाटलं होतं.
पण हिचं पास-बाद नाही,
दर पाच मिनिटांनी आकडा
आणि आकड्याशेजारी बाण,
वर, खाली, तिरपा,
जणू कुणी विचारतंय, मग आता कुठे?

बाण माझ्या फोनवर,
फोनवरून ढगात,
ढग म्हणजे काय ते तबस्सुमलाही सांगता येईना,
आणि ढगातून प्रज्योतीच्या मनगटावर.
समोरच्यांच्या बारशाला दोन जिलब्या खाल्ल्या
तर हात धुवायच्या आत फोन :
बाबा, बाण वर का?
म्हटलं, तुझ्या आईलाही इतक्या लवकर कधी कळलं नाही.
ती हसली नाही.

नोव्हेंबरातली गोष्ट. रात्रीचे तीन,
तिच्याकडे आदल्या दिवसाची दुपार.
बोपोडीच्या अंगाने मालगाडी चाललेली,
संपता संपत नव्हती,
आणि फोन ओरडला. चौपन्न.
पाठोपाठ प्रज्योती :
साखर खा, आत्ता, माझ्यासमोर खा!
मी ट्यूबखाली, बनियनवर,
चमचाभर साखर तोंडात टाकून
व्हिडिओत तिला जीभ दाखवली,
लहानपणी औषध गिळल्यावर
ती मला दाखवायची तशी.
मग बोटातून थेंब काढला. एकशे बावीस.

डॉक्टर उंब्रजकर म्हणाले,
डाव्या कुशीवर झोपलात ना?
दंड दबला की यंत्राला वाटतं, साखर संपली.
घाबरू नका. कूस बदला.

घाबरलो नव्हतोच.
त्या रात्री ती सदतीस मिनिटं बोलली होती.
रविवारी बोलते ती आठ, फार तर नऊ,
त्यातली दोन नेटवर्कला शिव्या घालण्यात.

पुढचं सांगायला नको.
पण तपासनीस माणूस, नोंद ठेवायची सवय :
पहिल्यांदा चुकून वळलो.
दुसऱ्यांदा अर्धवट चुकून.
तिसऱ्यांदा उशी दुमडून दंडाखाली घेतली.
साधारण चौदा मिनिटं लागतात,
उशी घेतली तर अकरा.
अंधारात आकडा उतरताना बघत राहतो,
नव्वद, एकोणऐंशी, एकाहत्तर,
जसा सेवानिवृत्तीच्या दिवशी
भोंग्याकडे कान लावून बसलो होतो.

लाज वाटते का? वाटते.
उजाडल्यावर वाटते.
तबस्सुम आलेख बघते आणि काही बोलत नाही,
फक्त यावेळी विचारलं,
काका, उजव्या दंडाला लावू का?
म्हटलं, राहू दे. डाव्याची सवय झालीय.

परवा फोन आला तेव्हा ती धापा टाकत नव्हती.
मागे माणसांचे आवाज,
कुणीतरी इंग्रजीत तिमाहीचा हिशेब सांगत होतं.
बाबा, ती हळूच म्हणाली, कूस.

म्हणजे कळलेलं होतं.
कधीपासून, ते मी विचारलं नाही.
खरी साखर उतारावरून येते, ती म्हणाली,
तुमची विहिरीत उडी मारते.

मी गुपचूप वळायला लागलो
तर म्हणाली, थांबा,
लगेच नका वळू.
आकडा लाल आहे तोवर
मला इथून उठता येतं.
कोट घेते, जिना उतरते, खाली बर्फ आहे,
बोलू नका अजून,
राहा तसेच.

दंडाला मुंग्या आल्या होत्या.
राहिलो.