पाणी किती खोल

झेफेरिनो आणि अदेरितो अजून भांडतात.
मिरागायाच्या कोपऱ्यावर, दारूच्या दुकानाबाहेर,
डॉमिनोच्या सोंगट्या आपटत.
झेफेरिनोला ऐकू कमी येतं, अदेरितोला दिसत कमी,
भांडण मात्र तेच,
युद्धाच्या काळातल्या, रेशनच्या पावाच्या उन्हाळ्याचं:
लिओनिल्द कुणाकडे बघत होती?

लिओनिल्द म्हणजे मी.
समोरच्या खिडकीत चादर झटकतेय.

आम्ही दहा-अकराचे.
दोउरोच्या धक्क्याला उंच भिंत, तिच्यावरून ही दोघं उड्या मारायची.
आधी झेफेरिनो.
मग अदेरितो, एक दगड वरून.
मग झेफेरिनो, आणखी एक दगड वरून.
दर उडीआधी मान वळवून बघायचे, मी आहे ना.
मी असायचेच.
आईची सार्डिनची टोपली कोण सांभाळणार?
कोपरापर्यंत खवले चिकटलेले,
उन्हात माझे हात चकाकायचे,
त्यांना वाटायचं, मी हात हलवतेय.

एकदा अदेरितोने संत्रं आणलं.
कुणाच्या परसातलं ते विचारायचं नाही.
झेफेरिनोने हिसकलं, नदीत भिरकावलं.
मग दोघं एकमेकांच्या उरावर,
शर्ट फाटले, एक दात पडला,
आणि ओहोटीच्या पाण्यावर संत्रं
डुलत डुलत समुद्राकडे निघालं.
कुणाच्याच मनात आलं नाही
की मला ते खायचं होतं.

पुढच्याच आठवड्यात झेफेरिनो बुडाला.
म्हणजे बुडालाच असता.
पिंपं वाहणाऱ्या होडीच्या दोरात पाय अडकला,
बुडबुडे आले, मग तेही थांबले.
अदेरितोने केसांना धरून वर काढला,
पायरीवर पालथा घातला, पाठीत गुद्दे घातले,
रडत रडत, शिव्या देत.
त्यानंतर दोघांचं इतकं जमलं
की तीन आठवडे माझ्याशी बोलेनात.
जणू मीच ढकललं होतं.

आता सांगते, मी कुणाकडे बघत होते.
दगडांकडे.
मोजत होते, कुठल्या दगडावरून किती वेळ लागतो,
पडणारा कुठे वर येतो,
भरतीला पाणी किती खोल.

सप्टेंबरातली पहाट. पलीकडचा काठ धुक्यात गडप.
आईचा काळा रुमाल कमरेला कसला
आणि सगळ्यात वरच्या दगडावरून,
जिथवर ते दोघं कधीच चढले नाहीत,
उडी मारली.
पाण्याने सणसणीत थोबाडीत दिली.
खाली अंधार, थंडी, मग गाळ.
मूठभर गाळ घेऊन वर आले.
एका नावाड्याने पाहिलं, छातीवर क्रूस काढला,
आणि वल्हं मारत निघून गेला.

कुणाला सांगितलं नाही.
लग्न ट्रामच्या कंडक्टरशी केलं. भला माणूस होता,
त्याला पोहता येत नव्हतं.

"खरं सांग गं, लिओनिल्द!" खालून अदेरितो ओरडतो,
भलत्याच खिडकीकडे तोंड करून.
मी सांगते: "पाणी. पाणी बघत होते मी."
झेफेरिनो कानामागे हात धरतो.
"काय म्हणाली?"
"माझं नाव घेतलं," अदेरितो म्हणतो
आणि सोंगटी आपटतो.