गाडीचा उंबरा

डोयावर पट्टी हाय म्हनून तुले धाडतो, हर्षे,
नाईतं हे गाडी पाहाले मीच गेलो असतो.
आर्वीची पयली यस्टी धरजो.
डाक्टर नागपूरहून येतीन साडेदहाले,
त्यायच्या आंगोदर पोच.
लढ्ढायच्या जिनिंगमंधी, सरकीच्या गोदामात,
दोन सीटची, बिनटपाची, लाल.
लाल पाहून भुलू नोको.
रंग डब्यात भेटते.

पयले बॉनेटवर हात ठेव,
तापल्या लेकराच्या कपायावर ठेवतो तसा.
गरम लागलं तं समज,
तू यायच्या आंगोदर कोनीतरी सुरू करून ठेवली.
मंग च्या मांग. बशीत ओतून पी, सावकाश.
थंडी होऊ दे.
गाडी थंडी असली का खोटं बोलत नाई.

तेलाचं झाकन उघड. खालच्या अंगाले
सायीवानी पांढरं काई दिसलं
तं आतमंधी पान्याचं आन तेलाचं लगन लागलं हाय.
असं लगन कोनालेच पुरत नाई.

निया धूर असन तं तेल खाते.
काया असन तं घाबरू नोको, थे आपल्या हातचं हाय.
चाकाच्या तारा पेन्सिलीनं वाजव, एकेक.
एखादी थप्प बोलली का थे ढिली.

सरकीचं गोदाम, म्हंजे उंदरं आलेच.
डॅशबोर्डाच्या खाली पाठीवर झोप, टार्च मार.
ड्रेसची कायजी करू नोको, घरी धुनं होते.

धाकटा लढ्ढा गोड बोलन.
दादाजीची निशानी म्हनन.
निशानीचे पैसे अलग लागत नाईत, सांगजो.
आर.सी. बुकातला नंबर
लोखंडातल्या नंबरावर बोट फिरवून वाचजो.
डोयाले दिसत नाई थे बोटाले समजते,
आठ दिवसापासून म्या असाच जगून रायलो.

आता चुंबक.
रुमालात गुंडाय, रंगाले चरा नोको.
दाराच्या खालचा पत्रा, त्याले आपन उंबरा म्हनतो.
उजव्या उंबऱ्याले चिकटन.
डाव्या उंबऱ्याले, मांगच्या चाकापासून एक वीत,
चिकटनार नाई. निसटन.
तुले वाटन चुंबक मेला.

नाई मेला.
थे म्या भरलं हाय.

चौऱ्याऐंशी साल. मोठ्या लढ्ढाच्या पोरीची वरात,
चार दिवस हातात,
पत्रा असा सडला का बोट आरपार जाय.
डालड्याचा डबा कापून बसवला,
वरून लांबी, वरून पालिश पेपर, वरून लाल.
मोठा लढ्ढा गुडघ्यावर बसून पाहे
आन म्हने, वा मिस्त्री, काय होतं कुठी होतं!
तीनशे रुपये देल्ले.
तुह्या मायची सायकल त्याच पैशाची.
आष्टीच्या शायेत थे त्याच्यावर जाय.

डाक्टरापासून लपवू नोको.
त्यायले खाली वाकव, चुंबक त्यायच्या हातात दे,
निसटू दे.
हे कोनं केलं, इचारतीन.
नाव सांगजो. माहं, पूरं.
पत्रा बदलाचा खर्च किमतीतून काटा म्हना,
आन मिस्त्रीची फी धरू नोका म्हना.
लढ्ढा लाल होईन. होऊ दे.

अखीन एक.
हे डाक्टरासमोर नोको, थे हिशोबाले बसले का मंग.
एकलीच जाय, टार्च घे,
त्या जागेवर नख फिरव.
लांबीले चीर गेली का पाय.
चाळीस वर्सं झाले, उन्हाये गेले, गोदामात ऊन नाई पन उकाडा हाय.
गेली असन तं काई सांगू नोको.
नसन गेली
तं तिथूनच फोन करजो.