ष्ट्रचा खण

नारायण पेठेत नदीकडे उतरणाऱ्या बोळात
आमचा छापखाना.
मी कॉपी वाचायचे, पोंक्षेमास्तर प्रूफ तपासायचे.
मॅट्रिकच्या मुलांसाठी नागरिकशास्त्र, किंमत दीड रुपया,
आणि मागे परिशिष्टात तिन्ही सूच्या, अथपासून इतिपर्यंत.
वाण्याची यादी म्हणावी तशी मी म्हणायचे:
दीपगृहं, संघाकडे.
टपाल, तार, आगगाडी, संघाकडे.
दफनभूमी, दहनभूमी, राज्याकडे.
पैजा नि जुगार, तेही राज्याकडे.
विवाह आणि घटस्फोट?
"दोघांकडे," मास्तर मान वर न करता म्हणाले.
"आणि दोघांचं जमलं नाही तर?"
"दिल्लीचं खरं."
मास्तरांची बायको तेव्हा मिरजेला माहेरी असायची.
मी पुढची नोंद वाचली.

जुळारी होते मारुती भेलके, मूळचे भोरचे.
वीस वर्षं संस्थानची पत्रकं जुळवलेली:
गुरांचा बाजार, जंगलबंदी, राजेसाहेबांचा वाढदिवस.
अठ्ठेचाळीसच्या मार्चमध्ये संस्थान गेलं,
आणि भेलके सर्व्हिस मोटारीतून इथं आले,
एक वळकटी, एक स्टिक.
पहिल्या अनुसूचीचं प्रूफ निघालं
तेव्हा ओल्या कागदावरून त्यांचं काळं बोट
वरून खाली गेलं, खालून वर आलं.
"भोर कुठंय?"
मास्तरांनी चष्मा पुसला. "मुंबईत."
"घाट उतरावा लागतो की मुंबईला," भेलके म्हणाले.

दुपारी भाकरी मोडताना मला म्हणाले,
जोडाक्षर कसं होतं, ठाऊक आहे?
त घ्या. एकटा असला की त्याच्या हाती दंड.
शेजारी य आला, की त दंड खाली ठेवतो
आणि टेकतो.
तरी कुणीही ओळखतं, हा त.
दंड सोडायचा नसेल
तर पाय मोडून घ्यावा लागतो.
"आणि भोर?"
"भोरमध्ये जोडाक्षर कुठंय, पोरी.
त्याला जोडलं नाही. आत घातलं."
मग बराच वेळ कांदा फोडत बसले.

साठ सालच्या मेमध्ये
गावातल्या छापखान्यांना ष्ट्र पुरेना.
आमचा खण आधीच अर्धा:
राष्ट्रपतींना लागायचा, राष्ट्रध्वजाला लागायचा,
छप्पन साली सौराष्ट्र सुटला तेव्हा थोडे परत आलेले.
आता ओळीओळीला महाराष्ट्र.
भेलके वाटी घेऊन तीन छापखाने हिंडले,
विरजण मागावं तसे.
नव्या आवृत्तीत प्रकरण तिसरं:
केंद्राचे अधिकार निराळे, राज्याचे निराळे.
जुळवताना भेलक्यांचा हात
एकाच खणात जात होता.

आणि मग एकसष्टचा जुलै.
राज्यसूची, नोंद सतरा,
पाणी, कालवे, बंधारे, साठवण,
भर दिवसा बोळातून वर आली.
आम्ही लकडी पुलाच्या उलट्या बाजूला पळालो.
चौथ्या दिवशी दार ढकललं
तर तिन्ही सूच्या एका चिखलात.
दीपगृहाचा दी दहनभूमीच्या द ला चिकटलेला.
मास्तर उंबऱ्यावरूनच म्हणाले,
एव्हाना हेच पाणी भीमेतून म्हैसूरकडे निघालं असेल,
तिथून पुढे संघसूची, नोंद छप्पन्न.
कुणी ऐकलं नाही.
त्यांच्या पायात एकच चप्पल होती.

कोळशाच्या चाळणीनं आम्ही चिखल चाळला.
गच्चीवर, गोणपाटावर, खिळे वाळत घातले, उडदासारखे.
श्रावण सरेपर्यंत भेलके एकेक नखानं खरवडत होते,
दंड असलेले इकडे, दंड सोडलेले तिकडे,
पायमोडके एका बशीत.
माझ्या हाती एक ष्ट्र लागला, कोपरा ठेचलेला.
"हा महाराष्ट्रातला, का राष्ट्रातला?"
त्यांनी तो धोतराला पुसला,
उन्हात धरून उलटा वाचला.
"खणातला," म्हणाले,
"दुसरा दे."