रायझर

सकाळी सहा-वीसची केएमटी, वडणग्याहून.
पुढं दुधाच्या किटल्या,
माझ्या मांडीवर डबा आणि सेफ्टी शूज.
शूज माझ्या पैशाचे. पासही.
माझ्या म्हणजे आईच्या.
ती राजारामपुरीतल्या मेसला चपात्या लाटते, शेकड्यावर.
चारशे पंधरा झाल्या तर चारशे पंधराचे.
वरच्या पंधरा ती सोडत नाही.

शिरोलीत उतरलं की वास येतो :
साच्याच्या वाळूत मळी मिसळतात,
तापली की गुऱ्हाळ करपल्यासारखी.
पहिल्या आठवड्यात डोकं दुखायचं,
आता घरी गेल्यावर केसांना तोच वास येतो
आणि बरं वाटतं, हे कुणाला सांगू?

मेटलर्जीचा डिप्लोमा, तिसरं वर्ष.
सहा आठवड्यांसाठी आले होते.
पाचवा महिना चालू आहे.
नमुना घासते, मशीनवर लावते,
कार्बन, सिलिकॉन वहीत उतरवते,
रात्रीची भट्टी असेल तर थांबते,
आणि कामतअण्णा रजेवर गेले की हजेरीपट भरते.
"अक्षर मोत्यासारखं हाय तुझं, मगदूम."
एकतीस नावं.
हजर, हजर, रजा, हजर.
बत्तिसावी ओळ कोरी.

शिरगुप्पेशेठ म्हणाले,
"शिकायला मिळतंय हे बघ की.
आम्ही तर मालकाची गाडी धुतली दोन वर्षं."
मी मान हलवली.
शिकले हे खरंच होतं,
आणि खऱ्यावर भांडता येत नाही.

कॉलेजमागच्या गाड्यावर इरफान म्हणाला,
"अनुभव म्हणजे कट, बाई.
कितीबी माग, फुकट वाढत्यात.
पाव मात्र मोजून."
हसलो.
बिल त्यानं दिलं, कारण त्याला सहा हजार मिळतात,
काम तेच, कारखाना पलीकडच्या गल्लीत.

काल दुपारी दस्तगीरचाचा हातोडी घेऊन बसले होते.
पंपाचं कास्टिंग, अजून कोमट,
वर ठोंब्यासारखा रायझर.
ठाण, ठाण,
तिसऱ्या घावाला तुटला.

पुस्तकात वाचलं होतं मी :
लोखंड निवताना आकसतं,
आत पोकळी पडू नये म्हणून
रायझर आपल्यातलं लोखंड त्याला पुरवत राहतो
शेवटच्या थेंबापर्यंत.
काम झालं की तोडतात.
पंप जातो बेळगावला,
रायझर परत भट्टीत.

मी म्हणाले, "चाचा, ह्यो मी."
चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"तू रायझर? न्हाई बा.
ये, दावतो."

काट्याजवळ एक वही लटकते,
कोपरे काळे, सुतळीत ओवलेली.
चाचांनी तो ठोंबा काट्यावर ठेवला.
चार किलो दोनशे.
लिहिलं. तारीख, पाळी, सही.
"परत जाणाऱ्याचंबी वजन हुतंय हितं.
न्हाईतर हिशेब लागत न्हाई लोखंडाचा."
आणि पुढच्या कास्टिंगकडं वळले.
एवढंच बोलले ते.

रात्री वहीची मागची पानं काढली.
एकशे अठरा दिवस.
थांबलेल्या रात्री वेगळ्या : नऊ.
आई शेजारी बसून बघत होती,
"दिवाळीतला धरलास का?" म्हणाली.
दहा.

आज कामतअण्णा परत रजेवर.
हजेरीपट माझ्यापुढं.
बत्तिसाव्या ओळीत लिहिलं,
राजमती आदगोंडा मगदूम.
आधी पेन्सिलनं.
मग बराच वेळ पेनचं टोपण चावत बसले.

बाहेर भट्टी उघडली असावी,
खिडकीची काच केशरी झाली.

आज चार तारीख.
पगार सातला होतो.
पान उघडं ठेवून मी नमुना आणायला गेले.