राहून राहिली

सदरच्या कोपऱ्यावर माझं झेरॉक्सचं दुकान.
टायपिंग, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो पाच मिनिटांत.
मागच्या गल्लीत परदेशी लोकांची नोंद होते,
म्हणून माझ्या टेबलावर जगभरची गावं येतात,
बहुतेक चुकीच्या स्पेलिंगची.

मे महिना. कूलरची खस दुपारीच कोरडी.
खेमीबाई जरीपटक्याहून आल्या, दोन ऑटो बदलून.
पिशवीत पिशवी, तिच्यात रुमाल,
रुमालात हिरवा पासपोर्ट,
त्याची मुदत दिवाळीतच संपलेली.

मी टाइप करत गेलो.
जन्मगाव: घोटकी.
वडिलांचं नाव: टहलराम.
ठळक खूण: डाव्या दंडावर देवी काढल्याची.
आणि चार ओळी खाली, त्याच बोटांनी,
दंड: नऊ हजार दोनशे.
एक दंड त्यांनी पदर सारून दाखवला,
दुसरा रुमालाच्या गाठीतून मोजला,
पन्नासाच्या नोटा, पापडाच्या पिठाचा वास लागलेल्या.

"एवढा काऊन, दुपारे भाऊ?"
घर बदललं, कळवलं नाही, मी म्हटलं.
"घर कुठं बदललं? गल्ली बदलली.
मालकाच्या पोराचं लग्न जमलं, त्यानं खोली मागितली.
नळ तोच हाय. दरबार तोच हाय.
पापड लाटणारी बी मीच हाय."
बरोबर आहे, मावशी,
पण कागदाला गल्ली दिसते, नळ दिसत नाही.

हे सांगताना मला आठवलं,
माझ्या दुकानाचा करार अकरा महिन्यांचा,
आणि हा दहावा चालू.
मी ते बोललो नाही.

पुढचा रकाना: वास्तव्याचा उद्देश.
शिक्षण, नोकरी, उपचार, पर्यटन, इतर.
मी इतरवर खूण केली. पुढे एक रिकामी रेघ,
बोटभर लांब.
"इथं काय करता म्हणून लिहू?"
चोवीस वर्षांत त्यांची सिंधी
आमच्या पाण्यात पार मुरलेली.
"काय करून राहिली, बाप्पा?
राहून राहिली."

हे आमच्या नागपूरचं क्रियापद. पुण्याचे पाहुणे हसतात.
आम्ही जेवून राहिलो, येऊन राहिलो,
तापात फणफणलो तर मरून राहिलो म्हणतो,
कुठलंही काम आम्हाला राहिल्याशिवाय करता येत नाही.
आजवर मला त्यात काही दिसलं नव्हतं.
मी जसंच्या तसं लिहिलं.

तासाभराने खिडकीतून अर्ज परत आला.
आतल्या पोरीने पेन्सिलीने गोल केला होता,
बाजूला प्रश्नचिन्ह.
ती यवतमाळची, तिला अर्थ कळला असणार.
मी खोडून कौटुंबिक लिहिलं.
कौटुंबिक चाललं.

पैसे भरल्यावर पावती मिळाली,
मशीनमधून निघते ती, गुळगुळीत, बोटभर रुंद.
खेमीबाई म्हणाल्या, "हिला प्लास्टिक मारून दे.
नऊ हजाराची हाय. फाटली तर?"
नाही, मावशी. तापली की ही काळी पडते.
झेरॉक्स काढतो, तिला मारतो.
त्यांना ते पटलं नाही.
अस्सल उघडं ठेवायचं अन् नक्कल झाकायची,
हा कुठला न्याय?
तरी घेतली. अस्सल रुमालात गेली,
रुमाल पिशवीत, पिशवी पिशवीत.
लॅमिनेशनचे वीस रुपये मी नको म्हटले,
त्यांनी टेबलावर ठेवलेच.

त्या गेल्यावर मी ड्रॉवर उघडला.
मागच्या उन्हाळ्यात सुदानचा एक पोरगा आला होता,
फार्मसीचा, इद्रीस नावाचा.
त्यानेही हेच मागितलं, आणि मी मारून दिलं,
तेव्हा मला कळत नव्हतं.
दोघांच्या डोळ्यांदेखत
आकडा, तारीख, शिक्का, सगळं काळं झालं.
त्याला पुन्हा भरावे लागले की नाही, माहीत नाही.
तो पुन्हा माझ्या दुकानात आला नाही.

ती पट्टी अजून माझ्याकडे आहे.
ट्यूबलाइटखाली तिरपी धरली
तर आकडा दिसत नाही.
कडेला माझा अंगठा दिसतो.