पाहायचा दात

डॉक्टर ओंदिना क्रावोसच्या दारावर पितळी पाटी आहे,
पदव्यांच्या दोन ओळी.
तिसरी कोरायची राहिली:
आईच्या हाताखाली, स्वयंपाकघरात, नऊ वर्षं.

आई कवळ्या करायची.
त्रिएस्तेच्या बंदरामागे, तिसऱ्या मजल्यावर,
ओट्याच्या एका कडेला पोलेंटाचं पातेलं
आणि दुसऱ्या कडेला वाळत ठेवलेल्या गुलाबी हिरड्या.
दात कसा धरावा हे पोर तिथे शिकली,
चिमटीत, पण चिमटा न काढता.

मग पादोवा. मग रोममधली सात वर्षं.
मोतीबिंदू शेकड्यांनी काढले,
मेलेल्यांची पारपटलं जिवंतांना शिवली
केसाहून बारीक धाग्याने,
जो मला भिंगाशिवाय कधी दिसला नाही.
पण काही डोळे दुसऱ्याचं काही ठेवूनच घेत नाहीत.
चुन्याने भाजलेले, आम्लाने पोळलेले,
कोरडे ठणठणीत.
नवं पारपटल त्यात महिन्याभरात दुधाळतं.

अशांकडे ती दात मागते.

मी तिची परिचारिका, एकवीस वर्षं हत्यारं मांडतेय.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा थट्टाच वाटली.
सुळा काढायचा, मुळासकट, हाडाच्या कपच्यासकट.
करवतून त्याची पातळ चकती करायची.
चकतीला मधोमध भोक,
भोकात प्लास्टिकची नळी, तांदळाच्या दाण्याएवढी, आरपार.
आणि मग ती पुरून ठेवायची पापणीखाली
तीन महिने, मांस धरेपर्यंत.
उपऱ्याला शरीर हाकलतं.
दात घरचा.

हत्तीचे दाखवायचे वेगळे नि खायचे वेगळे म्हणतात.
हा तिसरा. पाहायचा.

एजिदियो झुलियानला मात्र एकही दात नव्हता.
गवंडी. पठारावरच्या एका गावात
चुना भिजवताना पिंप उसळलं, त्याला अकरा वर्षं झाली.
डॉक्टरने त्याची कवळी हातात घेतली, उजेडात फिरवली.
"काम चांगलं आहे. कुणी केली?"
त्याला आठवेना.
ती थोडा वेळ तशीच धरून बसली.
"सख्खं कुणी आहे?"
नाही, म्हणाला.
चार दिवसांनी म्हणाला, आहे. भाऊ.
ऑलिव्हच्या सतरा झाडांवरून बोलणं बंद आहे.

भाऊ आला त्या दिवशी बोरा सुटला होता,
चढावर माणसं दोराला धरून चालत होती.
डॉक्टरने त्याला काहीच लपवलं नाही.
खणातली काळी वही काढली,
तिच्यात फक्त न टिकलेले डोळे आहेत, तारखांसह.
भावाचा झाला तरी दात परकाच,
जन्मभर गोळ्या, आणि तरीही खात्री नाही.
टोपी मुठीत चुरगाळत त्याने एवढंच विचारलं,
"डावा की उजवा?"
दाताबद्दल की डोळ्याबद्दल, कुणी विचारलं नाही.

पट्टी सोडली तेव्हा मी तिथेच होते.
असा डोळा पाहायची सवय लागत नाही:
गालाच्या आतल्या कातडीने मढवलेला, लालसर गुलाबी,
मधोमध एक काळा ठिपका.
ठिपका हलला. थांबला.
"बटण," तो म्हणाला.
"तुमच्या कोटाचं दुसरं बटण तुटलंय."
डॉक्टरने खाली पाहिलं.
खरंच तुटलं होतं. कधीपासून, कोण जाणे.

भाऊ बाकावर होता, मग नव्हता.
खिडकीतून बसथांबा दिसतो. एजिदियो म्हणाला, न्या मला.
नळीतून बघायचं म्हणजे माणूस हुडकावा लागतो.
कोंबडीसारखी मान इकडून तिकडे होत होती,
शेवटी मीच त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं.
डावीकडे. अजून थोडं. खांबाच्या पुढे.
"सापडला?"

तो काही बोलला नाही.
वाऱ्याने टोपी उडवली, कुणीतरी तिच्यामागे धावलं,
बस आली, गेली.
मान तशीच स्थिर.
मी हात काढले नाहीत.