तुम्ही पण उचला

मेयोच्या फिजिओथेरपीत माझा नंबर अकरावा.
निखारे मॅडम मिठाच्या पाण्यातला स्पंज पिळतात,
गुडघ्याखाली, बाहेरच्या अंगाला ठेवतात,
वरून रबरी पट्टा.
"काका, लागलं की सांगा."

लागते.
आधी मुंग्या, मग टकटक,
मग उजवा पंजा वर उठतो
मला न विचारता.

चौतीस वर्षं या पायानं पावडी दाबली,
गोळीबार चौकात, मागाच्या खड्ड्यात बसून.
पातळाचा काठ याला पाठ होता,
कधी सांगावं लागलं नाही.
मग पाचपावलीच्या उतारावर
सुताच्या गठ्ठ्यांची गाडी कलंडली.
हाड जुळलं. नस रुसली.
तेव्हापासून मी पुढं जातो आणि चप्पल मागं राहते.
पोरं ओरडतात, "काका, चप्पल!"

शेजारच्या पलंगावर कळमन्याची बाई पालथी,
संत्र्याच्या पेट्या उचलून कंबर धरलेली,
पाठीवर चार पॅड.
"कसं वाटून राहिलं?"
"बाप्पा, दुखणं वीस मिनिटं बाहेर जाऊन बसते.
मग येतेच."
थोडं थांबून म्हणते,
"वीस मिनिटं काही कमी नसतात, भाऊ."

याच विजेला मी शिव्या घातल्या होत्या,
गल्लीत पहिला पॉवरलूम खडखडला तेव्हा.
आता पाच-पाच सेकंद
तिच्याच भरवशावर पाय.
मॅडम म्हणतात, मशीन एकटी काय करणार,
ती उचलेल तेव्हा तुम्ही पण उचला.
मी उचलतो.
म्हणजे, उचलायचं मनात आणतो.
खरं कोणी उचललं, ते पायालाच ठाऊक,
आणि तो बोलत नाही.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी लाइट गेली.
कूलर घरघरत थांबला,
वाळ्याचा वास तेवढा हॉलमध्ये राहिला.
मॅडम जनरेटरचं विचारायला बाहेर गेल्या.
मला मात्र सवय लागलेली:
पाच मोजले, मनात आणलं.

अंगठा हलला.
तांदळाच्या दाण्याएवढा.
बाई पालथीच होती, कोणी पाहिलं नाही.
मलाही खात्री नव्हती, म्हणून पुन्हा केलं.
या वेळी नाही हलला.

लाइट आल्यावर मॅडमनी स्पंज परत भिजवले.
मी काहीच बोललो नाही.
फाटकापासून ऑटोपर्यंत
चप्पल रोज सातदा सुटायची.
त्या दिवशी पाचदा.
मोजत होतो.